तंबाखूचे कागद कोणी सोडले?

आमच्या व्यसनमुक्तीच्या पुस्तिकेत एक वाक्य वर्षानुवर्षं छापलं जात होतं. सिगारेट कंपन्यांना सगळं माहीत होतं आणि त्यांची नजर शाळकरी पोरांवर होती, असं ते वाक्य. खाली संदर्भ काहीच नाही. नवी आवृत्ती काढायचं ठरलं तेव्हा मंडळातल्या एका निवृत्त मुख्याध्यापकांनी, आम्ही त्यांना गुरुजीच म्हणतो, त्या ओळीभोवती तांबड्या पेनाने गोल काढला आणि प्रत माझ्यापुढे सरकवली. "मॅडम, पोरांना आपण म्हणतो पुरावा द्या. आपण कुठं दिलाय?" काम माझ्या गळ्यात पडलं, कारण माझी सगळी नोकरी बँकेच्या तपासणी विभागात गेली. जुने कागद, शिक्के, आद्याक्षरं, सुटलेली पानं यांच्याशी माझा बरा परिचय आहे.

कागद सापडायला वेळ लागला नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन फ्रान्सिस्को शाखेच्या ग्रंथालयाने तंबाखू कंपन्यांची अंतर्गत कागदपत्रं स्कॅन करून सर्वांना खुली ठेवली आहेत. आज ती संख्या १ कोटी ४० लाखांच्या वर आहे. नाव नोंदवायला नको, पैसे नकोत. अडचण निराळीच होती. मुलं या अर्थाचा इंग्रजी शब्द टाकला की कर्मचाऱ्यांच्या मुलांच्या शिष्यवृत्त्या, देणग्यांची पत्रं, सहलींची परिपत्रकं असं सगळं अंगावर येतं. कंपनीच्या दप्तरातली धूळसुद्धा स्कॅन झालेली आहे. मग मी उलटीकडून सुरुवात केली. जे उद्धरण जगभर फिरतं, त्याचेच शब्द टाकले.

तो कागद आहे ३० सप्टेंबर १९७४ चा. आर. जे. रेनॉल्ड्स कंपनीच्या विपणन विभागाच्या उपाध्यक्षांनी संचालक मंडळापुढे पुढच्या वर्षाचा बेत मांडला, त्या भाषणाची टंकलिखित प्रत. त्यात १४ ते २४ या वयोगटाबद्दल म्हटलंय की उद्याचा सिगारेटचा धंदा म्हणजे हीच पिढी, आणि ती मोठी होईल तशी किमान पुढची पंचवीस वर्षं एकूण विक्रीतला मोठा वाटा तिचाच असेल. आवाज कुठे चढलेला नाही. आमच्या बँकेत ठेवी वाढवण्याच्या बैठकीत जो सूर असायचा, तोच. अशा कागदात काहीतरी कुजबुज असेल, लपवाछपवी असेल असं वाटतं. तसं काही नाही. चौदा हा आकडा इतर आकड्यांच्या रांगेत निमूट उभा आहे.

माझी नजर मात्र मजकुरापेक्षा पानाच्या कडेला जास्त गेली. अमेरिकेत खटल्यात कागद हजर करताना प्रत्येक पानावर ओळीने वाढत जाणारा आकडा मारतात. त्याला बेट्स नंबर म्हणतात. हा आकडा म्हणजे तपासनीसाला वरदानच. एक पान हाती आलं की त्याच्या मागचा आणि पुढचा आकडा शोधायचा. मग कळतं की हा कागद कोणत्या फायलीत होता, त्याच्या शेजारी काय लावलेलं होतं, आणि मधली पानं कुठे गेली. एकाच कागदावर कधी दोन-तीन वेगवेगळ्या मालिकांचे आकडे दिसतात, कारण तो दोन-तीन वेगवेगळ्या खटल्यांतून फिरलेला असतो. गुरुजींना हवा होता पुरावा. मला आता जास्त कुतूहल होतं ते याचं, की हा कागद बाहेर पडला कसा? कुठल्या कंपनीने स्वतःहून दिला असेल, हे तर शक्य नाही.

हा विशिष्ट कागद आला तो 'जो कॅमल' या कार्टून उंटाच्या जाहिरातींवरून झालेल्या खटल्यातून. सॅन फ्रान्सिस्कोतल्या एका वकील बाईंनी १९९१ मध्ये कंपनीवर दावा लावला होता, १९९७ मध्ये तडजोड झाली. त्या खटल्यातले ८१ कागद जानेवारी १९९८ मध्ये जनतेपुढे ठेवले हेन्री वॅक्समन यांनी. हे तेव्हाचे कॅलिफोर्नियाचे खासदार. इथून पुढे मी कागद बाजूला ठेवून माणसांच्या मागे लागले.

वॅक्समन यांचं नाव आधी ऐकलं होतं ते १४ एप्रिल १९९४ च्या सुनावणीमुळे. प्रतिनिधीगृहाच्या आरोग्यविषयक उपसमितीचे ते अध्यक्ष होते. सात मोठ्या तंबाखू कंपन्यांचे प्रमुख एका रांगेत बसवून त्यांना शपथ दिली, आणि रॉन वायडन या सदस्याने एकेकाला विचारलं की निकोटिनचं व्यसन लागतं का? सातही जणांनी, शब्द थोडे इकडेतिकडे करून, लागत नाही असं आपलं मत असल्याचं सांगितलं. हा प्रसंग पुष्कळांना ठाऊक असतो. त्यानंतर काय घडलं ते मला या वाचनात कळलं आणि ते मला जास्त रंजक वाटलं.

त्याच सुमाराला ब्राऊन अँड विल्यमसन कंपनीची हजारो पानं बाहेर आली होती. कंपनीच्या वकिलांकडे कागद लावण्याचं काम करणाऱ्या एका माणसाने ती गुपचूप प्रत करून बाहेर नेली होती. एक गठ्ठा सॅन फ्रान्सिस्कोच्या त्याच विद्यापीठातल्या एका प्राध्यापकांकडे पोचला, काही कागद समितीपर्यंत गेले. त्यात कंपनीच्याच कायदा सल्लागाराची जुलै १९६३ ची टिपणी आहे: निकोटिनचं व्यसन लागतं, म्हणजे आपण व्यसन लावणारं औषध विकण्याच्या धंद्यात आहोत. सातही प्रमुखांच्या शपथेच्या एकतीस वर्षं आधीची.

कंपनीने काय करावं? हे आमचे चोरीला गेलेले कागद आहेत म्हणून न्यायालयात धाव घेतली, आणि थेट वॅक्समन आणि वायडन यांच्यावर समन्स काढले की तुमच्याकडचे कागद हजर करा. जिल्हा न्यायाधीश हॅरॉल्ड ग्रीन यांनी ते समन्स रद्द केले. १९९५ मध्ये अपील न्यायालयानेही तेच उचलून धरलं. अमेरिकन राज्यघटनेत सदस्यांच्या सभागृहातल्या भाषणाला आणि कामकाजाला संरक्षण देणारं कलम आहे. समितीच्या कामासाठी हाती आलेले कागद न्यायालयामार्फत हिसकावून घेता येत नाहीत, असा त्याचा परिणाम झाला. विद्यापीठावरही कंपनीने दावा लावला होता, तिथेही हरली. १९९५ च्या जुलैत ते कागद इंटरनेटवर आले.

पण तोवर वॅक्समन यांचं अध्यक्षपद गेलं होतं. नोव्हेंबर १९९४ च्या निवडणुकीत बहुमत फिरलं आणि पूर्ण समितीची सूत्रं टॉमस ब्लायली यांच्याकडे आली. ब्लायली व्हर्जिनियातल्या रिचमंडचे. तिथे फिलिप मॉरिसचा अवाढव्य कारखाना. तपास गुंडाळला गेला. वॅक्समन मात्र गप्प बसले नाहीत. जुलै १९९५ मध्ये त्यांनी फिलिप मॉरिसच्या निकोटिन संशोधनाचे कागद सभागृहात उभं राहून कामकाजाच्या नोंदीत घातले. हातात समिती नव्हती, समन्स काढायचा अधिकार नव्हता, माईक होता. आणि एकदा नोंदीत गेलेलं कोण काढणार?

आता ब्लायलींची गंमत. मी तर त्यांना खलनायकाच्या खात्यात टाकून पुढे गेले असते. आकड्यांच्या मागे मागे जाताना पुन्हा त्यांचंच नाव समोर आलं. जून १९९७ मध्ये कंपन्या आणि राज्यांच्या महाधिवक्त्यांमध्ये ३६८.५ अब्ज डॉलरचा समझोता ठरला. त्यात कंपन्यांना पुढच्या दाव्यांपासून बरंच संरक्षण मिळणार होतं आणि त्यासाठी काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, कायदा करायला हवा होता. कायदा करायचा तर आधी तुमच्याकडे काय दडलंय ते आम्हाला दिसू द्या, अशी भूमिका ब्लायलींनी घेतली. डिसेंबर १९९७ मध्ये समन्स काढून पहिला लहान गठ्ठा घेतला. दुसरीकडे मिनेसोटा राज्याच्या खटल्यात कंपन्यांनी वकील आणि अशील यांच्यातली गोपनीयता सांगून जे ३९,००० कागद अडवून धरले होते, ते गैरकृत्य झाकण्यासाठी ही ढाल वापरता येत नाही म्हणून उघडे करण्याचा आदेश तिथल्या न्यायाधीशांनी दिला. ब्लायलींनी त्याच कागदांवर समितीचं समन्स बजावलं. सर्वोच्च न्यायालयाने ६ एप्रिल १९९८ ला स्थगिती नाकारली, कंपन्यांनी कागद दिले, आणि २२ एप्रिलला समितीने ते इंटरनेटवर टाकले. अजूनही संशोधक त्या संचाला ब्लायली कागद म्हणतात. रिचमंडच्या माणसाचं नाव तंबाखूच्या इतिहासात असं राहिलं.

दोन्ही संच शेजारी ठेवून वाचले तेव्हा मला फरक जाणवला. वॅक्समन यांचे ८१ कागद निवडलेले. प्रत्येक कागद बोलतो, वर्तमानपत्राचा मथळा तयारच. ब्लायलींचा ढीग मात्र कंटाळवाणा. बैठकीचा अजेंडा, वकिलांची बिलं, कोणी कोणाला प्रत पाठवली त्याच्या याद्या, मसुद्याचा मसुदा. वर्तमानपत्राला वॅक्समन सोयीचे. माझ्यासारखीला ढीग बरा. निवडलेल्या कागदात निवडणाऱ्याचा हात असतो, तो कितीही सज्जन असो. ढिगात निदान तुम्ही शेजारचं पान बघू शकता. विरोधी पक्षाच्या माणसाने काय सोडलं, सत्ताधाऱ्याने काय सोडलं, आणि नेमकं तेव्हाच का सोडलं, हे न पाहता उद्धरण उचलणं मला आता पटत नाही. समझोत्याचा कायदा समोर नसता तर ब्लायलींनी ते कागद मागवले असते का, हा प्रश्न मी गुरुजींना विचारला. "मागवले हे महत्त्वाचं," ते म्हणाले. मला ते पुरेसं वाटत नाही.

ढिगातली एक गोष्ट सांगते. शास्त्रज्ञांचे अहवाल वकिलांकडे का पाठवले जायचे हे मला सुरुवातीला कळेना. प्रयोगशाळेचा अहवाल, पण वर शिक्का वकील-अशील गोपनीय असा. नंतर ब्राऊन अँड विल्यमसनच्या एका वकिलाची जानेवारी १९८५ ची टिपणी वाचली आणि उलगडा झाला. संशोधन विभागातल्या काही कागदांवर फुली मारली आहे, ते अडगळ म्हणून वेगळे काढावेत आणि मग देशाबाहेरच्या मूळ कंपनीकडे पाठवण्याचा विचार करू, असं त्यात आहे. बँकेत मी अशा फुल्या पाहिल्यात. फुलीच्या शेजारी कोणाचं आद्याक्षर आहे ते आधी बघायचं असतं.

शोधताना आणखी एक खाचखळगा. ब्रिटिश अमेरिकन टोबॅको म्हणजे बॅट कंपनीच्या १९५० च्या दशकातल्या कागदांत कर्करोग हा शब्द टाकून फारसं हाती लागेना. कारण त्यांनी कर्करोगाला झेफर असं सांकेतिक नाव ठेवलं होतं. १९५७ च्या कागदात झेफर आणि सिगारेट ओढणं यांचा कार्यकारण संबंध असल्याची कल्पना पुढे आली आहे, असं चक्क लिहिलेलं आहे. ही माहिती आधी नसेल तर यंत्राने शोधून काही उपयोग नाही. स्कॅनवरचं हाताने लिहिलेलं तर यंत्राला सहसा वाचता येत नाही, आणि खरी मजा पुष्कळदा समासातच असते.

मग मी आपल्याकडचं शोधायला लागले. मुंबई टाकलं, अर्थात जुन्या इंग्रजी नावाने. बॅटच्या संग्रहात हिंदुस्थानबद्दल भरपूर आहे, कारण आजची आयटीसी ही मुळात बॅटच्या घराण्यातली इम्पीरियल टोबॅको, आणि बॅटचा तिच्यात मोठा हिस्सा राहिलेला आहे. सिगारेटचं झालं. पण आमच्या पुस्तिकेचे वाचक कोण? तालुक्याच्या शाळेतली मुलं. त्यांच्या खिशात सिगारेट क्वचित. मावा, गुटखा, चुन्याची तंबाखू. घरात आजी मिश्री लावते. त्या धंद्याची अंतर्गत कागदपत्रं या संग्रहात शोधली. आहेत ती बाहेरच्यांनी केलेली निरीक्षणं. गुटखा बनवणाऱ्याच्या दप्तरातलं एकही पान मला मिळालं नाही. कसं मिळणार? ज्यांच्यावर कोणी समन्सच काढलं नाही त्यांचा कागद बाहेर येतो कुठे?

आपल्याकडे संसदेच्या समितीसमोर तंबाखू आलीच नाही असं नाही. पाकिटावर ८५ टक्के जागेत सचित्र इशारा छापण्याचा नियम १ एप्रिल २०१५ पासून लागू व्हायचा होता. लोकसभेची दुय्यम विधानविषयक समिती त्यावर विचार करत होती, अध्यक्ष आपल्या अहमदनगरचे खासदार दिलीप गांधी. सदस्यांत अलाहाबादचे एक बिडी उद्योजक खासदारही होते. नियम लागू होण्याच्या तोंडावर सरकारने तो लांबणीवर टाकला. तंबाखूने कर्करोग होतो असं सांगणारे अभ्यास परदेशी आहेत, भारतात पाहणी व्हायला हवी, असं गांधींनी त्या वेळी म्हटलं होतं. त्याच फेब्रुवारीत आर. आर. पाटील तोंडाच्या कर्करोगाने गेले होते. आमच्या भागात आबांचा फोटो अजून पानटपऱ्यांवर लावलेला होता. आणि भारतीय अभ्यास नव्हते असंही नाही. धूम्रपानामुळे देशात वर्षाला सुमारे दहा लाख मृत्यू होतील असा अंदाज मांडणारा देशव्यापी अभ्यास न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये २००८ मध्येच छापून आला होता. समितीने मार्च २०१६ च्या अहवालात इशारा ५० टक्क्यांवर आणण्याची शिफारस केली. सरकारने ती मानली नाही, १ एप्रिल २०१६ पासून ८५ टक्केच लागू झालं.

तो अहवाल मी तपासनिसाच्या नजरेने वाचला. कोणी साक्ष दिली, समितीने काय नोंदवलं, काय शिफारस केली, हे आहे. मला हवे होते ते उद्योगाने समितीपुढे ठेवलेले मूळ कागद, जोडपत्रांसकट. समिती बहुमताने काहीही ठरवो, मूळ कागद समोर असतील तर मी माझं ठरवू शकते. लोकसभेच्या नियम २७५ प्रमाणे समितीपुढची साक्ष, तोंडी असो वा लेखी, पटलावर ठेवली नसेल तर लोकसभेच्या अध्यक्षांच्या परवानगीशिवाय कोणाला पाहता येत नाही. माहिती अधिकार कायद्याच्या कलम ८ मध्ये सभागृहाच्या विशेषाधिकाराचा भंग होईल अशी माहिती वगळलेलीच आहे. आणि समजा एखाद्या खासदाराला वाटलं की आपणच ते कागद छापून टाकावेत, तर राज्यघटनेच्या अनुच्छेद १०५ चं संरक्षण सभागृहातल्या भाषणाला आहे, आणि छापील मजकुराला आहे ते सभागृहाच्या अधिकाराने छापला तरच. वॅक्समन यांच्यासारखं उठून वाचायची वाट तेवढी उघडी, तीही पीठासीन अधिकारी वाचू देतील तर.

पुस्तिकेचं काय झालं ते सांगते. सगळं माहीत होतं हे वाक्य काढलं. त्याजागी कंपनीचं नाव, तारीख आणि कागदात नेमकं काय म्हटलंय ते, अशा तीन नोंदी आल्या: १९५७, १९६३, १९७४. प्रत्येकीखाली बेट्स नंबर आणि कागद कोणी, केव्हा बाहेर काढला त्याची एक ओळ. १९७४ चं पान पूर्ण छापलं, कडेच्या शिक्क्यांसकट. छपाईवाल्याने शिक्के खोडून पान स्वच्छ करून आणलं होतं, ते परत पाठवलं.

गुटख्याच्या पानावरून मात्र मंडळात वाद झाला. तरुण मंडळींचं म्हणणं, सिगारेटवाल्यांसारखंच यांनाही माहीत होतं असं लिहा, कोण विचारतंय? मी ठाम राहिले, कागद नाही तर वाक्य नाही. त्या पानावर डॉक्टरांनी सांगितलेलं तेवढंच आहे.

गुरुजींनी मग वेगळंच काढलं. महाराष्ट्रात जुलै २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे, दरवर्षी अधिसूचना निघते, अन्न व औषध प्रशासन धाडी घालतं. म्हणजे पंचनामे आहेत, जप्त मालाचे प्रयोगशाळेचे अहवाल आहेत, पुडीवर बनवणाऱ्याचं नाव असतं ते आहे. हे कागद कंपनीच्या कपाटात नाहीत, सरकारच्या कपाटात आहेत. विधानसभेची विनंती अर्ज समिती ते मागवू शकते. अर्ज आमदारामार्फत सादर व्हावा लागतो. मसुदा मी केलाय, दोन पानी. त्यात शेवटी एक मागणी मुद्दाम घातली: समितीने अहवालासोबत मागवलेले कागदही पटलावर ठेवावेत. आमच्या आमदारांच्या स्वीय सहायकाने ती ओळ वाचली, पुन्हा वाचली, आणि म्हणाला, "ताई, एवढं एक वाक्य काढलं तर साहेब लगेच सही करतील." ते वाक्य अजून मसुद्यात आहे आणि सही व्हायची आहे.